उतरणाऱ्याने गार्डला सांगावे

खात्याकडून फॉर्म आला होता. वर ठळक अक्षरांत 'स्थानकाचा इतिहास व उपलब्ध सेवा'. इतिहासाला चार ओळी आणि सेवांना अख्खं पान! म्हटलं, वा रे शहाण्यांनो, उलटं तरी करायचं. आमच्याकडे इतिहास ढीगभर. सेवा विचाराल तर एक नळ, एक बाकडं आणि मी.

नळ ठिबकतो. बाकड्याची मधली फळी गेलीय, त्यामुळे दोन टोकांना दोन माणसं बसतात आणि मध्ये कोणी बसत नाही. मी मात्र धड आहे. गावात मला स्टेशनबाई म्हणतात. माझं खरं नाव पोस्टमनला तेवढं माहीत असेल, आणि त्यालाही पाकीट बघून आठवत असणार.

इतिहास असा की टेकडीमागे दगडाची खाण होती, म्हणून स्टेशन झालं. दगड गेला मोठ्या शहरात, पूल बांधायला. माझे बाबा इथे स्टेशन मास्तर होते तेव्हा त्यांच्या हाताखाली दहा माणसं होती. तारघर होतं, मालाचं गोदाम होतं, इंजिनाला पाणी पाजायचा उंच नळ होता, प्रवाशांच्या खोलीत चार खुर्च्या आणि एक आरसा होता. मग खाण संपली. वाफेची इंजिनं गेली, तार गेली. एकेक माणूस निवृत्त झाला आणि त्याच्या जागी कोणी आलं नाही. बाबा गेल्यावर खात्याने मला तिकीट खिडकीवर बसवलं. प्रवाशांच्या खोलीत आता मी बटाटे ठेवते. आरसा अजून आहे, पण त्यात बघून करायचंय काय?

गाडी एकच. सकाळी जंक्शनकडून येते, शेवटच्या स्टेशनला जाते आणि संध्याकाळी तीच परत येते. पूर्वी दोन्ही वेळा थांबायची, माणूस असो नसो. नऊ वर्षांपूर्वी खात्याने नियम बदलला. मागणी असेल तरच थांबणार. तिकीट काढलेला प्रवासी असेल तर मी झेंडा दाखवायचा, मग ड्रायव्हर थांबवतो. आणि गाडीतून कोणाला इथे उतरायचं असेल तर त्याने आधीच्या स्टेशनवर गार्डला सांगायचं. तशी पाटीच लावलीय मी, माझ्या हाताने रंगवून: 'चढणाऱ्यासाठी झेंडा. उतरणाऱ्याने गार्डला सांगावे.' उतरणारा असला की ड्रायव्हर पुलावर दोन छोट्या शिट्ट्या मारतो. कोणी नसलं की एक लांब. आता तुम्ही म्हणाल, उतरणाऱ्यासाठीची पाटी इथे फलाटावर लावून काय उपयोग, तो वाचणार कधी? हे मला त्या गुरुवारपर्यंत सुचलं नव्हतं. नऊ वर्षं! डोकं आहे की खोकं, असं मी दुसऱ्यांना विचारत असते.

गुरुवारचं सांगते. पण त्याआधी धाकटीचं सांगायला हवं.

धाकटी म्हणजे माझी बहीण. माझ्याहून बारा वर्षांनी लहान. आई लवकर गेली, त्यामुळे तिच्या वेण्या मी घातल्या, गृहपाठ मी घेतला, धपाटेही मीच घातले. बाबा तिच्यावर कधी आवाज चढवायचे नाहीत. ते कोणावरच चढवायचे नाहीत. गावातलं कोणी धावत येताना दिसलं की बाबा गाडी धरून ठेवायचे. कोणाची ट्रंक राहिली, कोणाचं पोर रडतंय, कोणाची म्हातारी हळू चालतेय, बाबा आपले झेंडा काखेत धरून उभे. लोक त्याला 'मास्तरांची गाडी' म्हणायचे. वरून तक्रारी यायच्या, बढती अडायची, तरी ढिम्म. मी खिडकीवर बसले तेव्हा ठरवलं, हा घरचा कारभार बंद. सात चाळीस म्हणजे सात चाळीस.

अकरा वर्षांपूर्वी धाकटीला शहरात नोकरीची मुलाखत आली. तेव्हा गाडी सकाळी इथून जंक्शनकडे जायची. मी पहाटेपासून तिच्या मागे लागले होते, आटप, आटप. ही आरशासमोर. क्वार्टर ते फलाट, मोजून पन्नास पावलं. गाडी आली, थांबली, मिनिट झालं. मी हिरवा झेंडा वर केला आणि बघते तर ही नळापाशी पोचलेली, एका हातात चप्पल, एका हातात फाईल. "ताई, थांबव!" असं ओरडली. गार्ड माझ्याकडे बघत होता. मी झेंडा खाली घेतला नाही. गाडी सुटली.

मीच बोलत राहिले. वेळेचं महत्त्व, शिस्त, तुझ्यासाठी वेगळा नियम का, सगळं. दुसऱ्या दिवशी ती गाडीच्या आधी अर्धा तास बाकड्यावर येऊन बसली, तिकीट काढताना माझ्याकडे बघितलंही नाही आणि गेली. ती नोकरी गेलीच होती. पुढे दुसरी लागली, लग्न केलं. हे मला कोणी सांगितलं? गावातल्या शिंप्याने. माझ्या बहिणीच्या लग्नाची बातमी मला शिंप्याकडून कळावी! पहिल्या वर्षी तिने एका कार्डावर फक्त पत्ता पाठवला होता. मी उत्तर दिलं नाही. आधी तिने माफी मागावी असं मला वाटत होतं. कशाची, ते विचारू नका.

आणि खरं सांगू? नियमाबियमाचं सोडा. ती जाऊ नये असं मला वाटत होतं. गाडी चुकली तर चुकू दे, असं त्या मिनिटाला माझ्या मनात आलं होतं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

तर रविवारी तिचा फोन आला. अकरा वर्षांनी. नंबर तिला शिंप्यानेच दिला, हा शिंपी म्हणजे आमचं तारघर आहे. मी "हॅलो" म्हटलं आणि पलीकडून "ताई" आलं.

"कशी आहेस?" ती म्हणाली.

"आहे तशीच."

"वाटलंच." हसली बहुतेक. मग म्हणाली, "गुरुवारी येऊ का? सकाळच्या गाडीने. दोन दिवस राहीन."

"ये की. घर काय माझं एकटीचं आहे?"

मग ती म्हणाली, "या वेळी गाडी थांबवशील ना?"

आता इथे माणसाने काय म्हणावं? 'हो गं' म्हणावं. दोन अक्षरं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, हा माझा जन्माचा रोग. मी म्हटलं, "गाडी काय माझ्या बापाची आहे? नियमात बसलं तर थांबेल."

थट्टेत म्हटलं मी. बाबांचीच तर गाडी म्हणायचे ना सगळे, म्हणून. तिलाही कळलं असेल असं मी धरून चालले. ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

नियम तिला सांगायला हवा होता, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. ती इथे असताना प्रत्येक गाडी थांबायची. बदल झाला तो ती गेल्यावर दोन वर्षांनी. पण मी रोज तेच करते, रोज तेच बघते, मला वाटलं हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. उतरणारा गार्डला सांगतो, यात सांगण्यासारखं काय?

चार दिवस मी घर उपसून काढलं. गाद्या उन्हात घातल्या. तिची जुनी खोली लावली, खिडकीचं दार तेल घालून मोकळं केलं. नळाला चिंधी बांधली, म्हणजे ठिबकण्याचा आवाज तिला त्रास देणार नाही. बाकड्याची फळी शिंप्याच्या भावाकडून बसवून घेतली. इतकी वर्षं मध्ये बसायला कोणी नव्हतं म्हणून मी ती बसवली नव्हती. बुधवारी रात्रीच बटाट्याची भाजी चिरून ठेवली, तिला पातळ काचऱ्या लागतात. एकटीच घरात बडबडत होते. ती आली की आधी काय बोलायचं, याची तालीम चालली होती. 'आलीस?' म्हणावं की 'वाळलीस गं' म्हणावं? शेवटी ठरवलं, काही बोलायचं नाही, बॅग आपण घ्यायची.

गुरुवारी शिंपी गाडीने जातो, कापड आणायला. तो असता तर झेंडा दाखवावाच लागला असता आणि पुढचं काही घडलंच नसतं. पण त्याची कंबर धरली होती. सकाळी त्याने निरोप पाठवला, आज नाही. मला काडीचीही चिंता वाटली नाही. उलट बरं वाटलं. फलाटावर आम्ही दोघीच असू.

इस्त्रीचे कपडे घालून मी उभी राहिले. झेंडा गुंडाळून काखेत. आज चढणारं कोणी नाही, मग तो उलगडायचं कारण नाही. कान पुलाकडे.

शिट्टी झाली. एक. लांब.

मी थांबले, दुसरी येईल म्हणून. एक लांब शिट्टी संपली आणि नुसता पुलाचा धडधडाट ऐकू आला. म्हणजे उतरणारं कोणी नाही. म्हणजे ती आली नाही.

काय सांगू, असा संताप आला! फोन करायचा, आशा लावायची, आणि आयत्या वेळी बसायचं घरी. मला चार दिवस नाचवलं. तोंडाने मी पुटपुटत होते, नको येऊस, माझं काय अडलंय! पुलापासून फलाटापर्यंत गाडीला मिनिटभर लागतं. ते मिनिट मी रागात घालवलं. मान ताठ, हात खाली, चेहरा असा की गार्डने बघितलं तर त्याला कळू नये. इंजिन गेलं. पहिला डबा गेला.

दुसऱ्या डब्याच्या दारात ती उभी होती.

जाड झाली होती थोडी. हातात निळी बॅग, एक हात दांडीला. उतरायच्या तयारीत. ती माझ्या तोंडाकडे बघतच नव्हती. माझ्या हाताकडे बघत होती. मग वर बघितलं. आमची नजरानजर झाली ती एवढीशी, आणि गाडी पुढे गेली.

मी ओरडले. धावले. झेंडा काढता काढता पडला, उचलला, हलवला. बैल गेला आणि झोपा केला. शेवटच्या डब्यातून गार्डने रोजच्यासारखा मला हात केला. मी त्याला निरोप देतेय असं त्याला वाटलं.

फलाटाच्या टोकाला मी किती वेळ उभी होते, सांगता येणार नाही. मग फोन वाजला. तिचा मेसेज. एकच शब्द. 'कळलं.'

काय कळलं? काय कळलं गं तुला, भवाने? मी लगेच फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा बंद लागला. मेसेज लिहायला बसले तर चष्मा सापडेना, तो डोक्यावरच होता. 'तू समजतेस तसं नाही' एवढं लिहिलं आणि पाठवलं. ते गेलं की नाही ते मला समजलं नाही. पुढे काही आलं नाही.

दुपारी जेवले नाही. भाजी तशीच. सारखं एकच डोक्यात. संध्याकाळी हीच गाडी परत येणार, जायला दुसरी वाट नाही, म्हणजे ती असणारच गाडीत. या वेळी झेंडा दाखवायचा. पण कोणासाठी? चढणारा पाहिजे, तिकीट पाहिजे. तिकिटाशिवाय मी झेंडा कधी दाखवलेला नाही, आणि आता तेवढ्यासाठी दाखवला असता तरी ती काय माझ्या ओरडण्याने उतरणार होती? सुंभ जळेल, पण पीळ जायचा नाही. आमच्या दोघींचा.

मी खिडकीच्या आत गेले आणि तिच्या शहरापर्यंतचं एक तिकीट फाडलं. स्वतःसाठी. आयुष्यात पहिल्यांदा. लोकांना तिकिटं देण्यात माझा जन्म गेला आणि मी स्वतः गाडीत कधी बसले नव्हते. पिशवीत एक कपड्यांचा जोड टाकला. तिच्या पत्त्याचं कार्ड कागदपत्रांच्या पत्र्याच्या डब्यात तळाशी होतं, ते घेतलं. खोलीला कुलूप लावलं.

गाडी लांबून दिसली तशी मी फलाटाच्या मधोमध जाऊन झेंडा दोन्ही हातांनी धरला. कर्कश ब्रेक लागले. गाडी थांबली. मी एकेक खिडकी बघत धावत सुटले. पहिला डबा, दुसरा, तिसरा. झोपलेली माणसं, पेंगणारी माणसं, एक म्हातारा सफरचंद सोलत होता. धाकटी कुठेच नाही.

गार्ड खाली उतरून आला. सात वर्षं या मार्गावर आहे, बोलका माणूस. "प्रवासी कुठेय, बाई?"

"मी."

"थट्टा करता का?"

मी तिकीट त्याच्या नाकासमोर धरलं. "सकाळी एक बाई होती. दुसऱ्या डब्यात. निळी बॅग. ती कुठेय?"

"त्या होय? शेवटच्या स्टेशनला उतरल्या. बसस्टँड कुठे म्हणून विचारलं आणि गेल्या. बसने वळसा पडतो म्हटलं, तर म्हणाल्या, चालेल." तो माझ्याकडे बघायला लागला. "का? तुमच्या कोण?"

"बहीण आहे माझी! तिला इथे उतरायचं होतं! तिने तुम्हाला सांगितलं नाही?"

गार्डचा चेहरा पडला. "विचारलं त्यांनी. आधीच्या स्टेशनवर. पुढे गाडी थांबते का म्हणून. मी म्हटलं, स्टेशनबाईंनी झेंडा दाखवला तर थांबते. मग मी म्हटलं, तुम्हाला उतरायचंय का, तसं सांगा, म्हणजे मी ड्रायव्हरला सांगतो. तर म्हणाल्या..."

"काय म्हणाली?"

"म्हणाल्या, नको, तुम्ही नका सांगू. थांबवते का बघू ती."

मी पिशवी बाकड्याच्या नवीन फळीवर आपटली.

"मग तुम्ही थांबवायची होतीत!" मी त्याच्यावर ओरडले. कोणावर तरी ओरडायला हवं होतं. "एवढं ऐकून गप्प कसे बसलात? अक्कल गहाण टाकलीय का?"

"बाई," तो हळू म्हणाला, "पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. गेल्या वर्षी मी एकदा न मागता थांबवली होती. एका म्हाताऱ्यासाठी. तुम्हीच माझ्याविरुद्ध अर्ज केला होता."

केला होता. सुवाच्य अक्षरात, तीन प्रतींत.

ड्रायव्हरने शिट्टी मारली. गार्डने घड्याळ बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि तो उभा राहिला. गाडी धरून ठेवून उभा राहिला. मला ते समजायला वेळ लागला. मग मी पिशवी उचलली आणि दुसऱ्या डब्यात चढले.

दारातच उभी राहिले, ती सकाळी उभी होती तिथे. दांडी धरली. गाडी हलली. माझं स्टेशन मी गाडीतून कधी बघितलं नव्हतं. मला वाटायचं, केवढा मोठा फलाट आहे, एका टोकापासून दुसऱ्या टोकाला झाडू मारता मारता कंबर मोडते. गाडीतून तो इतका थोडा आहे! नळ आला, बाकडं आलं, माझी पाटी आली आणि ती वाचून व्हायच्या आत मागे गेली. संपलं. सकाळी तर गाडी थांबलीही नव्हती, तेव्हा याहून लवकर संपलं असेल. तेवढ्याशा वेळात तिने माझ्या हातात झेंडा शोधला.

मी रडायला लागले. मोठ्याने, लाज सोडून. गाडीतली माणसं बघत होती.

दाराजवळच्या सीटवर एक बाई बसली होती, मांडीवर डबा. तिने मला हाताला धरून शेजारी बसवलं, पाणी दिलं. मग बाहेर बघत, काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाली, "किती सुनसान स्टेशन आहे हो. सकाळीही बघितलं मी जाताना. कोणीच नसतं वाटतं तिथे?"

"असतं की," मी म्हटलं. "मी होते."